प्रश्न तुमचे : सेन्सरी रूम करायची आहे, आधी काय घेऊ?

गेल्या अंकात फटाक्यांच्या आवाजाने सैरभैर होणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली निम्म्याहून अधिक पत्रं एकाच गोष्टीकडे वळली आहेत : सेन्सरी रूम, म्हणजे उजेड, आवाज, स्पर्श अशा संवेदना मुलाला झेपतील तशा देणारी खोली. मोबाइलवर ती आता सगळ्यांनी पाहिलेली असते. अंधारी खोली, रंगीत बुडबुड्यांचा उंच खांब (बबल ट्यूब), छतावर तारे आणि मधोमध शांत बसलेलं मूल. मी बावीस वर्षं मिरजेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे रोजचे व्यवहार जमावेत यासाठी उपचार करणारी म्हणून, काम करते आहे. अशा चार खोल्या उभ्या करण्यात माझा हात होता. त्यांतली पहिली चुकली होती, तिच्याबद्दल पुढे सांगतेच. यावेळचं सगळं सदर या एकाच विषयाला.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान होऊन दोन वर्षं झाली. बोलत नाही, पण हवं ते हात धरून दाखवतो. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खाली आमचेच सोळा यंत्रमाग आहेत. दिवसभर खडखडाट. लोक म्हणतात त्या आवाजानेच पोरगं असं झालं. पण ताई, माग चालू असले की तो बरा असतो. लाइट गेली, माग थांबले, की कानांवर हात ठेवून गोल गोल फिरायला लागतो. माझे दीर दुबईला असतात. सेन्सरी रूमसाठी दीड लाख रुपये देतो म्हणाले आहेत. दहा बाय अकराची खोली रिकामी आहे. बबल ट्यूब घेऊ की छताचे दिवे?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी काहीच घेऊ नका. एक वही घ्या.

तुमच्या पत्रातलं मागांचं वाक्य मी तीनदा वाचलं. लोकांचं मनावर घेऊ नका, मागांच्या आवाजाने स्वमग्नता येत नाही. उलट त्या मागांतून तुमच्या लेकाला काहीतरी मिळतंय आणि ते थांबलं की त्याचा आधार सुटतो, हे तुम्ही अचूक हेरलं आहे. काय मिळत असेल? माझा अंदाज असा की कानापेक्षा पायाला जास्त मिळतंय. सोळा माग चालतात तेव्हा वरची फरशी थरथरते, एका ठेक्यात, न चुकता. पुढचे पंधरा दिवस एवढंच पाहा : माग चालू असताना तो घरात कुठे थांबतो? अनवाणी असतो का? फरशीवर पालथा पडतो का, भिंतीला गाल लावतो का? मामाच्या घरी, जिथे माग नाहीत, तिथे तो कशाला जाऊन टेकतो? फ्रिजला? वॉशिंग मशीनला? वेळ, जागा, आधी काय झालं, नंतर काय झालं, असे वहीत चार रकाने पुरेत.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो. माझं निम्मं काम आणखी दोन जाणिवांवर चालतं. एक तोलाची, ती कानाच्या आतल्या भागातून येते. दुसरी सांध्यांतून आणि स्नायूंतून येते : आपला हात कुठे आहे, किती जोर लावला आहे, ही. अमेरिकेतल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी साठ-सत्तरच्या दशकांत या जाणिवांची मेंदू सांगड कशी घालतो यावर पायाभूत काम केलं. तरीही संवेदनांचं हे वेगळेपण स्वमग्नतेच्या निदानाच्या अमेरिकी निकषांत स्पष्टपणे आलं ते २०१३ साली. त्याआधी कितीतरी आयांना ‘तुम्हीच लाडावून ठेवलंय’ असं ऐकून घ्यावं लागलं.

मिक्सर लागला की एक मूल घरभर पळत सुटतं, दुसरं मिक्सरच्या भांड्याला गाल लावायला येतं. कधी कधी ही दोन्ही एकच मूल असतं, सकाळचं आणि संध्याकाळचं. म्हणूनच तयार पॅकेज विकणारे ‘ऑटिझम किट’ म्हणतात तेव्हा मला राग येतो. कोणत्या मुलासाठी?

आमच्या मिरजेतली एक गोष्ट सांगते. नऊ वर्षांची मुलगी. कुणी अंगाला हात लावलेला चालायचा नाही. केंद्रातल्या बबल ट्यूबकडे तिने दोन मिनिटं पाहिलं आणि पाठ फिरवली. तिचे आजोबा तंबोरे बनवतात. ते जवारी लावत, म्हणजे सूर घुमावा म्हणून तंबोऱ्याची घोडी घासत, बसले की ही त्यांच्या कारखान्यात जाऊन तंबोऱ्याच्या भोपळ्याला पाठ टेकून बसते आणि डोळे मिटते, हे आम्हाला तिच्या आईने सहज बोलता बोलता सांगितलं. तीन महिने आम्ही तिला दिवे दाखवत होतो आणि तिला काय हवं ते तिच्या घरात तयार होत होतं! मग आम्ही सुताराकडून लाकडी पोकळ चौथरा करून घेतला, आत स्पीकर बसवला, तंबोऱ्याचा आवाज भरला आणि बाहेर तळहाताएवढं बटण दिलं. आता ती त्यावर आडवी होते. बटण तिच्या हातात.

तुमच्या लेकासाठी मी अशीच, पण आणखी सोपी वस्तू सुचवते. डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी अंध आणि बहुविकलांग मुलांसाठी ‘रेझोनन्स बोर्ड’ आणला. पातळ प्लायवूडचा साधारण चार बाय चार फुटांचा तुकडा, खाली कडेने इंचभर उंचीची पट्टी, मधे पोकळी. मूल त्यावर बसलं, टाच आपटली, डबा टाकला, की आवाज आणि थरथर दोन्ही अंगात परत येतात. तुमच्या गल्लीतला सुतार एका दुपारी करून देईल. कडा घासून घ्यायला सांगा, खिळ्यांची टोकं तपासा.

मग तुमच्याच मागांचा आवाज फोनवर दहा मिनिटं रेकॉर्ड करा. बॅटरीवर चालणारा एक जाड आवाजाचा स्पीकर त्या फळीखाली ठेवा. लाइट गेली की फळीजवळ न्या आणि बटण त्याच्याकडून दाबून घ्या. तुम्ही दाबू नका. पहिले काही दिवस त्याचा हात तुमच्या हातात असेल, चालेल. आवाज बेताचा ठेवा, थरथर जाणवली की पुरे.

आता खोली. आधी तिच्यातून काय काढायचं ते पाहा. जुन्या चोकची ट्यूबलाइट असेल तर ती पहिली काढा. ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि गुणगुणते. आपलं तिकडे लक्ष जात नाही, काही मुलांना ते जाचत असावं. एलईडीसुद्धा बरा घ्या, स्वस्त डिमरवर तोही लुकलुकतो. घरघरणारा पंखा दुरुस्त करा. भिंतीला एकच फिका, न चमकणारा रंग. कार्टून रंगवू नका. कोपऱ्यात जुन्या सुती साड्यांचा छोटा तंबू करा, म्हणजे नको झालं की आत शिरायला जागा. झोका लावाल तर कृपा करून पंख्याच्या हुकाला लावू नका. तो हुक लोंबत्या पंख्यासाठी असतो, उड्या मारणाऱ्या मुलासाठी नसतो. स्लॅबमध्ये वेगळी कडी, इंजिनिअरला दाखवून, आणि खाली जाड गादी.

एवढं केल्यावरही पैसे उरतील. ते एखाद्या चांगल्या थेरपिस्टच्या वेळेवर खर्च करा, तिला घरी बोलावून वही दाखवा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत तुमच्या मुलाचं नाव घातलं नसेल तर तेही करा. वर्षाला एक लाखापर्यंतचं विमा कवच आहे आणि थेरपीचा काही खर्च त्यात बसतो. बबल ट्यूबचा विचार सहा महिन्यांनी.

प्रश्न : मी विशेष शाळेत शिक्षिका आहे. एका देणगीदारांनी बहुसंवेदी खोलीसाठी (सेन्सरी रूमसाठी) रक्कम दिली आहे, पण ती फार मोठी नाही. चौदा मुलं आहेत. मुलं गोंधळ घालू लागली की त्यांना शांत करायला या खोलीत पाठवावं, की चांगलं वागल्याचं बक्षीस म्हणून? वापराचं वेळापत्रक कसं करावं?
— एक शिक्षिका, पंढरपूर

उत्तर : बाई, दोन्ही नको. शिक्षा म्हणून पाठवलंत तर ती कोठडी होईल. बक्षीस म्हणून ठेवलीत तर ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच मुलाला ती कधी मिळणार नाही. पाणी प्यायला जावं तसं तिथे जाता आलं पाहिजे. चित्राचं एक कार्ड ठेवा. मुलाने कार्ड दिलं की खोली मिळते. त्याशिवाय प्रत्येकाची ठरलेली पंधरा-वीस मिनिटं. एका वेळी एकच मूल आणि एक मोठं माणूस. ते माणूस बाजूला जमिनीवर बसेल, ‘हे बघ, ते बघ’ करणार नाही.

पैसे थोडे आहेत याचं वाईट वाटून घेऊ नका. ही कल्पना मुळात तंबूतूनच आली आहे. सत्तरच्या दशकात नेदरलँड्समधल्या एडे गावाजवळच्या ‘दे हार्टेनबर्ग’ या संस्थेत तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांसाठी उन्हाळी मेळाव्यात असा तंबू लावला होता. पंख्याच्या वाऱ्यावर उडणारे कागदाचे कपटे, पाण्यात शाई सोडून पडद्यावर पाडलेले रंग, वासाच्या बाटल्या, वाद्यं, हातात घ्यायच्या वस्तू. तिथल्या यान हुल्सेख आणि आद फरहूल यांनी ते पुढे वाढवलं. ‘हुंगणं’ आणि ‘डुलकी घेणं’ अशा अर्थाचे दोन डच शब्द जोडून त्याला ‘स्नूझेलन’ म्हणू लागले. महागडी यंत्रं मागाहून आली. तुम्ही पंढरपूरच्या, राहुटीत काय काय मावतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता माझी चूक. २००९ साली आम्ही पहिली खोली केली. बबल ट्यूब, छतावर फिरणारा रंगीत दिवा, बासरीची सीडी, लॅव्हेंडरचा वास. उद्घाटनाला सगळं एकदम चालू केलं आणि पालकांना बोलावलं. सात वर्षांचा एक मुलगा दारात थबकला, आत आला आणि टेबलाखाली जाऊन शर्ट डोक्यावरून ओढून बसला. त्याला काढायला मी वाकले तोच त्याने हात लांब करून एक प्लग उपटला. मग दुसरा. मग तिसरा. सगळं बंद झाल्यावर तो बाहेर आला. बबल ट्यूबचा प्लग त्याने स्वतः लावला. बुडबुडे आले. काढला. थांबले. पुन्हा लावला. वीस मिनिटं तो तेच करत होता आणि मधेच त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. दीड वर्षाच्या ओळखीत पहिल्यांदा, आपणहून.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे प्लग पेटीत बंद केले (मुलाने प्लगला हात लावणं किती धोक्याचं होतं ते आठवून मला आजही काटा येतो) आणि प्रत्येक वस्तूला बारा व्होल्टवर चालणारं मोठं बटण जोडलं. तेव्हापासून कोणत्याही खोलीत पाऊल टाकलं की मी पहिला प्रश्न विचारते : यातलं काय मुलाला बंद करता येतं?

कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी हे नीट तपासून पाहिलं आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४ ते १२ वयोगटातली ४१ स्वमग्न मुलं होती. तीच मुलं, तीच खोली. एकदा उपकरणांचं नियंत्रण मुलांच्या हाती, एकदा नाही. नियंत्रण हाती असताना मुलांचं लक्ष जास्त लागलं, त्याच त्या हालचाली कमी झाल्या. तो वाचला तेव्हा मला टेबलाखालचा तो मुलगाच आठवला. आज तो विशी ओलांडलेला तरुण असेल.

तुमच्या खोलीत मूल शिरेल तेव्हा सगळं बंद असू दे. मंद, स्थिर उजेड तेवढा. एका वेळी दोनच वस्तू बाहेर, बाकीच्या कपाटात. लखलखणारे, झपझप उघडझाप करणारे दिवे अजिबात नकोत. स्वमग्न मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. चौदाही पालकांना फिट्सबद्दल आधी विचारा आणि लिहून ठेवा. वास नकोच, तो बटणाने बंद होत नाही. बबल ट्यूब घेतलीत तर ती भिंतीला पक्की बांधा आणि पाणी बदलायचं काम कोणाचं ते पहिल्या दिवशी ठरवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते पाणी बघता बघता हिरवं होतं. इन्व्हर्टर नसेल तर विजेच्या वस्तू कमी ठेवा. मुलाने बटण दाबलं आणि काही झालंच नाही, तर त्याने काय समजायचं?

प्रश्न : नातू आठ वर्षांचा, स्वमग्न आहे. सून सेन्सरी रूमचा ध्यास घेऊन बसली आहे, शिवाय झोपेसाठी दहा हजारांची वजनदार गोधडी मागवायची म्हणते. मी निवृत्त अभियंता आहे. याने तो बरा होतो याचा पुरावा आहे का, एवढंच विचारायचं आहे.
— एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : काका, बरा होतो याचा पुरावा नाही. स्वमग्नता आजार नव्हे, त्यामुळे तो शब्दच इथे लागू पडत नाही. या खोल्यांवरचे चांगल्या दर्जाचे अभ्यास थोडे आहेत आणि निष्कर्ष संमिश्र. वजनदार पांघरुणाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये ६७ स्वमग्न मुलांवर केलेला अभ्यास २०१४ साली आला. झोपेचा वेळ वाढला नाही. पण मुलांना आणि आईवडिलांना साध्या पांघरुणापेक्षा तेच आवडलं. आवडणं ही छोटी गोष्ट नाही असं मला वाटतं. तरी दहा हजार घालू नका. घरातली आजीच्या हातची जाड गोधडी पायांवर घालून पाहा, तोंडावर कधीच नाही, आणि त्याला ती स्वतः झटकून टाकता आली पाहिजे.

सुनेला मात्र अडवू नका. तिच्याबरोबर बसा. तुम्ही अभियंता आहात, घरातला प्रत्येक आवाज कुठून येतो हे तिच्यापेक्षा तुम्ही लवकर शोधून काढाल.

प्रश्न : मॅडम, मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून स्वमग्न मुलांसाठी इंटरॅक्टिव्ह खोली करतो आहे. जमिनीवर दाब ओळखणाऱ्या चटया, भिंतीवर एलईडी पट्ट्या, कॅमेरा मुलाची हालचाल ओळखेल आणि त्याच्या मूडप्रमाणे रंग, संगीत आपोआप बदलेल. मूल बरोबर पॅटर्नवर चाललं की टाळ्यांचा आवाज येईल. माझा चुलतभाऊ स्वमग्न आहे, त्याच्यासाठी हे करतो आहे. काही सुचवाल?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचून तुला एकेरीच लिहिते आहे. चालेल ना?

टाळ्या काढून टाक. पहिलं हे. तुझ्या भावाला टाळ्यांचा आवाज सोसतो का, हे तू एखाद्या वाढदिवसाला पाहिलं असशीलच. आणि ‘बरोबर पॅटर्न’ही काढ. दिवसभर त्याला कोणीतरी बरोबर-चूक सांगतच असतं.

दुसरं, ‘मूडप्रमाणे आपोआप’. त्याने पाय टाकला आणि हिरवा दिवा लागला, हे त्याला कळेल. पण तो उड्या मारतोय म्हणून यंत्राने ठरवलं की हा अस्वस्थ आहे, आणि खोली निळी केली, तर ती निळी का झाली हे त्याला कुठून कळणार? कदाचित तो आनंदाने उड्या मारत असेल. मोठी माणसं रोज हीच चूक करतात, ती यंत्राला शिकवू नकोस. एका चटईचं एकच उत्तर ठेव. लाल चटईवर पाय, तर हा सूर, दर वेळी हाच. आणि ते दशांश सेकंदाच्या आत आलं पाहिजे. दिवा रेंगाळला तर पाय आणि उजेड यांचा संबंध त्याच्या मनात जुळत नाही.

युरोपात या शतकाच्या सुरुवातीला ‘मेडिएट’ नावाचा एक प्रकल्प झाला, त्याचे लेख शोधून वाच. बार्सिलोनाच्या पॉम्पेऊ फाब्रा विद्यापीठातले नार्सिस पारेस त्यात होते. न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांसाठी षटकोनी खोली. पडद्यांवर मुलाचीच छायाकृती उमटायची, पावलांनी जमिनीतून आवाज निघायचे, एका भिंतीला हात लावला की ती उत्तर द्यायची. मुलाला करायचं काम असं काहीच दिलेलं नव्हतं. माझ्या हातून काहीतरी घडतंय, हे मुलाला जाणवावं, एवढ्यासाठी सगळी रचना. तुझ्या पट्ट्या आणि चटया त्याच जातीच्या आहेत, फक्त त्यांच्यावरचा मुकादम तेवढा काढ.

कॅमेराही मी काढीन. मुलांची चित्रं साठवायची म्हटली की पालकांची लेखी परवानगी आलीच, आणि चटया असताना त्याचं अडतंय कुठे? पट्ट्या पाच व्होल्टवर ठेव, सगळ्या तारा पाइपातून, पॉवर सप्लाय खोलीबाहेर. मुलं चाटतात, ओढतात, पाणी ओततात, हे धरून चाल. दाराजवळ एक मोठं बटण हवंच, सगळं एका झटक्यात शांत करणारं, मुलाच्या कमरेच्या उंचीवर. ते काम करतं हे त्याला पहिल्याच मिनिटाला दाखव.

आणि भावाला आत्ताच बोलाव, प्रकल्प संपल्यावर नव्हे. एका चटईने आणि एका दिव्याने सुरुवात कर. तो चटईवर पाय न ठेवता तिची कड उचलून खाली पाहत बसला, तर तेही लिहून ठेव.

रविवारी आमचं केंद्र बंद असतं, पण दोन मुलांचे आईवडील त्यांना घेऊन यायला तयार आहेत, मी विचारलं आहे. पुण्याहून सकाळच्या गाडीने निघ. एकच चटई आण, आवाज शून्यावर ठेवून.